ऐकू येतंय, पण बोलता येत नाही

रेंजच्या जागी फुली दिसली की माणूस आधी काय करतो, तर फोन वर धरून घरभर फिरतो. मीही फिरलो, खिडकीत गेलो, खुर्चीवर चढलो, मग एअरप्लेन मोड चालू-बंद, सिम काढून शर्टाला पुसणं, रिस्टार्ट, शेवटी नेटवर्क रीसेट (यात वायफायचे सगळे पासवर्ड गेले ते वेगळंच). तेच सिम बायकोच्या फोनमध्ये टाकलं तर चार दांड्या! म्हणजे सिम निर्दोष, टॉवर निर्दोष, आरोपी एकच.

स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक आला, म्हटलं चला, बेसबँड (नेटवर्क सांभाळणारी चिप) अजून शुद्धीवर आहे. मग मॅन्युअली नेटवर्क सर्च केलं आणि इथे खरी गंमत, कंपन्यांची नावं यादीत आली की! पण आपल्या कंपनीवर बोट ठेवलं की बराच वेळ गोल गोल फिरून 'रजिस्टर होता आलं नाही'. रिपेरिंगवाल्यांचा साधा हिशोब असतो, यादी आली म्हणजे रिसीव्हर ऐकतोय, रजिस्टर होत नाही म्हणजे टॉवरला उलट बोलता येत नाही, ट्रान्समीटरची बोंब, संशय सिग्नलला जोर देणाऱ्या पॉवर अॅम्प्लिफायरवर, म्हणजे पीएवर. कारण ऐकायला लागतंच किती? वजा १०० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) म्हणजे एका वॉटचा दहा लाख कोटीवा भाग, तेवढ्यावर फोनचं भागतं. बोलायला मात्र फोरजीत ०.२ वॉटपर्यंत जोर लावावा लागतो. त्यात फोनची पाठही गरम लागत होती, मी तर निकालच देऊन टाकला, पीए गेला.

हे सगळं मी बायकोला उत्साहाने समजावलं. ती म्हणाली, "तुझं उलटं आहे. ट्रान्समीटर फुल चालू, रिसीव्हर गेलाय."

पुढे काय बोलणार. पीए बदलायचा म्हणजे हीट गन, फ्लक्स, नखापेक्षा छोटी आयसी, आणि शेजारी मुंगीच्या डोक्याएवढे कपॅसिटर, एक जोराची फुंकर बसली तरी उडतील असे. रात्री तीन व्हिडिओ बघून माझा आत्मविश्वास इतका वाढला की सकाळी मल्टिमीटर घेऊन बसलो आणि मागचं झाकण उघडलं.

वरच्या बोर्डापासून खालच्या अँटेनापर्यंत दोऱ्याएवढी काळी कोॲक्स वायर जाते, तिच्या टोकाला छोटी गोल पितळी टोपी असते. ती टोपी तिच्या जागेवर नव्हती, बाजूला आरामात पडली होती. बिचारा पीए इतके दिवस घसा फोडून ओरडत होता आणि ते बहुतेक सगळं त्याच्याच अंगावर परत येत होतं, रिसीव्हर तेवढा त्या उघड्या टोकातून जमेल तसं ऐकत होता. रविवारी बॅटरी कोणी बदलली होती? मीच. झाकण लावायची घाई कोणाला होती? मलाच.

नखाने टोपी दाबली. टक. मल्टिमीटर चालूसुद्धा केला नव्हता. फोन चालू केला, दहा सेकंदात चार दांड्या.

"काय झालं होतं?" आतून आवाज आला.

"पीए," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली, आणि पुढे, "रविवारी उरलेला एक स्क्रू टेबलावर होता, तो हवाय का?"