मुख्याध्यापकाचा वेळ नेमका कोण खर्च करतो? एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

मुख्याध्यापकांच्या बहुतेक व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश अधूनमधून फिरत असतो. त्याचा आशय असा, की ‘वेळ मिळत नाही’ ही सबब आहे. दिवसाचे 24 तास सगळ्यांना सारखेच मिळतात. जो मुख्याध्यापक काम तातडीचे आहे की नाही आणि महत्त्वाचे आहे की नाही, हे पाहून कामांचा अग्रक्रम चार चौकटींत मांडतो, कामे सहकाऱ्यांना वाटून देतो, ऑनलाइन सुविधा वापरतो, नको त्या कामाला ‘नाही’ म्हणतो आणि रोज सगळ्या वर्गांतून फेरी मारतो, त्याची शाळा सुधारतेच. प्रशिक्षणांतही थोड्याफार फरकाने हेच सांगितले जाते. मीही काही वर्षे हे मनापासून मानत होतो आणि नव्याने पदभार घेणाऱ्यांना सांगतही होतो. जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेचा कारभार सांभाळताना मात्र यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धवट असल्याचे माझ्या लक्षात आले. अशा अर्धवट सल्ल्यामुळे प्रामाणिकपणे राबणारी माणसे स्वतःलाच दोषी धरू लागतात, म्हणून त्याचे उत्तर मुद्द्यांनिशी द्यावेसे वाटते.

‘24 तास सगळ्यांना सारखेच’ हे वाक्य शाळेला लागू पडत नाही, कारण शाळेत मुख्याध्यापकाचा नव्हे, मुलांचा वेळ मोजलेला असतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास अध्यापन व्हायला हवे. त्याच परिशिष्टानुसार 60 पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात आणि पट 150 च्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. वाडीवस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेत त्यामुळे मुख्याध्यापक असा वेगळा नसतोच. ज्येष्ठ शिक्षकाकडे पदभार असतो आणि तोच दोन-तीन वर्ग एकत्र बसवून शिकवत असतो. अशा शिक्षकाने कार्यालयीन कामासाठी शाळेच्या वेळातला रोज एकच तास घेतला, तरी 200 दिवसांत 200 तास होतात, म्हणजे त्याच्या समोरच्या मुलांच्या 800 तासांतला चौथा हिस्सा गेला. तो पहाटे चारला उठला तरी हा हिशेब बदलत नाही.

चार चौकटींचा मुद्दा सर्वांत जास्त सांगितला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. संदेशात या चौकटी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावावर दिल्या आहेत. 1954 मध्ये इव्हान्स्टन येथे जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात त्यांनी केलेल्या भाषणात चौकटी नव्हत्या, एक वाक्य होते, आणि तेही त्यांनी एका माजी महाविद्यालयप्रमुखाचे म्हणून सांगितले होते: माझ्यापुढे दोन प्रकारचे प्रश्न असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे, तातडीचे असतात ते महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे असतात ते कधीच तातडीचे नसतात. शिक्षणसंस्था चालवणाऱ्या माणसाने सांगितलेली ही अडचण आहे. चौकटी पुढे इतरांनी आखल्या आणि अडचणीच्या वर्णनालाच उपाय समजण्यात आले.

प्रत्यक्षात काय घडते, ते एका दिवसावरून सांगतो. तिसरीच्या वर्गात मी मागच्या बाजूला बसलो होतो. बाई फळ्यावर वजाबाकी शिकवत होत्या. माझ्या पुढच्या मुलीने वहीत 52 वजा 27 असे मांडले आणि खाली 35 लिहिले. शेजारच्या मुलाचेही उत्तर 35 होते. दोघांनीही एककाच्या घरात सातातून दोन वजा केले होते, कारण ‘मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची’ हे वाक्य त्यांनी अगदी बरोबर लक्षात ठेवले होते. ही चूक धांदलीतून झालेली नव्हती. दशक सुटा करणे म्हणजे काय, हेच त्यांना कळलेले नव्हते. इतक्यात तालुक्याच्या कार्यालयातून फोन आला, की स्वच्छतागृहांच्या दुरुस्तीची माहिती विहित नमुन्यात बाराच्या आत पाठवा. त्या वेळी सव्वाअकरा झाले होते. मी उठलो, माहिती जुळवली आणि पाठवली. तोवर तास संपून गेला होता. दुसऱ्या दिवशी केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, बैठक होती, त्याच्या पुढच्या दिवशी पगारबिलाचे काम होते, आणि त्या 35 वर बाईंशी बोलायला मला पुढचा आठवडा उजाडला. दरम्यान स्वच्छतागृहांची तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात पुन्हा मागवली गेली.

आता हे काम कोणत्या चौकटीत घालायचे, हे मी ठरवले असते तरी काय फरक पडला असता? काम तातडीचे आहे की नाही, हे माहिती मागणारा ठरवतो, देणारा नव्हे. बाराची वेळ पाळली नाही तर खुलासा द्यावा लागतो, प्रसंगी कारणे दाखवा नोटीस येते. तिसरीतल्या मुलांना वजाबाकी आली नाही, तर त्या दिवशी कोणीही खुलासा मागत नाही. दहा शाळांकडून एका तासात माहिती हवी असते, कारण ती वरून मागवणाऱ्यालाही एकच दिवस मिळालेला असतो. वरच्या प्रत्येक पायरीवर नियोजनात राहिलेली उणीव खाली उतरताना तातडी बनते आणि शेवटी ती वर्गात येऊन थांबते.

चौकटींमध्ये दुसराही धोका आहे. संदेशातल्या उदाहरणात शालेय पोषण आहार ‘तातडीचे पण महत्त्वाचे नाही, दुसऱ्यावर सोपवा’ या चौकटीत टाकला आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदूळ या हिशेबाने शिल्लक जुळवणे, रोजची उपस्थिती ॲपवर भरणे, ही कारकुनी आहे हे मान्य. पण वाढण्यापूर्वी अन्नाची चव घेणे, तेल व डाळ कुठे ठेवली आहे हे पाहणे ही कारकुनी नव्हे. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथील शाळेत कीटकनाशकाने दूषित झालेल्या तेलात शिजवलेले जेवण खाऊन 23 मुले दगावली. त्या घटनेनंतर चव नोंदवहीवर नुसती सही करून पुढे जाणे मला कधीच जमले नाही. एकाच कामाचा एक भाग जिवाशी निगडित असतो आणि दुसरा निव्वळ आकडेमोडीचा असतो. अख्खे काम एका चौकटीत टाकले की हा भेद पुसला जातो.

कामे वाटून देण्याबद्दल बोलायचे, तर वाटून घ्यायला माणसे लागतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लिपिक नसतो, शिपाई नसतो. आमच्याकडे प्रत्येक शिक्षकाकडे वर्गाशिवाय दोन-तीन विभाग आधीपासून आहेत. कोणाकडे शिष्यवृत्ती परीक्षा, कोणाकडे आहार, कोणाकडे ग्रंथालय आणि क्रीडा. मी माझ्याकडचे काम त्यांच्यापैकी एकाला दिले, म्हणजे माझ्या सातवीचा तास वाचला आणि त्यांच्या दुसरीचा बुडाला. त्यातही काम जाते ते ज्याला नकार देणे सर्वांत अवघड त्याच्याकडे. नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाला संगणक येतो म्हणून सगळी ऑनलाइन कामे त्याच्या गळ्यात पडतात आणि ज्या वर्षांत त्याने शिकवायला शिकायचे, ती वर्षे त्याची नोंदी करण्यात जातात. हे मीही केले आहे आणि ते चुकीचे होते, असे आज स्पष्टपणे म्हणतो.

वाटणीचा खरा उपयोग मला एकाच ठिकाणी दिसला, तो वर्गाची जबाबदारी नसलेल्या माणसांना कामात घेतल्यावर. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने 75 टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असतात. आमच्या समितीतल्या दोन माता आळीपाळीने येऊन स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी बघू लागल्या, आणि छत गळत होते तेव्हा गवंडी बघण्यापासून काम करून घेण्यापर्यंत सगळे एका पालकाने अंगावर घेतले. धनादेशावरची सही आणि किर्दीची जबाबदारी अर्थात माझ्याकडेच राहिली. ती कोणाकडे देता येत नाही आणि देऊही नये.

‘ऑनलाइनमुळे वेळ वाचतो’ हे विधान तत्त्वतः खरे आहे, आणि शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतून पगारबिले होऊ लागल्यावर काही त्रास कमी झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वेळ वाचतो तो जुने काम बंद झाले तरच. शाळा व विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींसाठी राज्याची सरल प्रणाली 2015 मध्ये आली, केंद्र सरकारचे यू-डायस प्लस 2018-19 पासून सुरू झाले, तरी जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही), हजेरी, साठा नोंदवही आणि आवक-जावक कागदावर आहेतच. शिवाय पोर्टलवर भरलेली माहिती गटावर एक्सेलमध्ये पुन्हा मागितली जाते. सर्वाधिक वेळ जातो तो आधार जुळवण्यात. जनरल रजिस्टरमध्ये आजोबांनी सांगितलेले नाव आणि आधारवर केंद्रचालकाने टाइप केलेले नाव यांत एका वेलांटीचा फरक असला, तरी विद्यार्थ्याची नोंद अडकते. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, आधार वैध झालेली मुलेच धरली गेली, तर दोन मुलांच्या नावातल्या वेलांट्यांमुळे शाळेतला एक शिक्षक कमी होऊ शकतो. बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कुटुंबांतली मुले दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघून जातात. त्यांच्या आई-वडिलांना फडावरून आधार केंद्रावर आणणे हे काम कोणत्याही ॲपने सोपे झालेले नाही.

‘नाही म्हणायला शिका’ हा सल्ला देणाऱ्याने एकदा कायदा वाचावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीनच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. मतदार याद्यांच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये, सेंट मेरीज स्कूलच्या प्रकरणात, शिक्षकांना हे काम साधारणतः सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे, असे सांगितले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शिक्षकांना जड प्रशासकीय कामे देऊ नयेत असे म्हटले आहे. पण आमचा वेळ खाणारी बहुतेक कामे या यादीत बसतच नाहीत, कारण ती शाळेविषयीची असल्यामुळे ‘शैक्षणिक’च समजली जातात. त्यांना नकार द्यायला कायद्याचा आधार नाही, आणि ज्यांच्या हातात गोपनीय अहवाल असतो त्यांना तोंडी ‘नाही’ म्हणणे बहुतेकांना परवडणारे नाही. मी एवढे करतो, की ही माहिती यू-डायसवर अमुक रकान्यात उपलब्ध आहे, असे लेखी कळवतो. काही वेळा तेवढ्यावर भागते.

शेवटचा मुद्दा वर्गातल्या फेऱ्यांचा. हा सर्वांत निर्विवाद वाटतो, आणि नेमका तोच तपासून पाहायला हवा. अमेरिकेतील मायामी-डेड जिल्ह्यात सुमारे 100 मुख्याध्यापकांसोबत निरीक्षकांनी पूर्ण दिवस राहून केलेल्या नोंदींचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुख्याध्यापकांचा सुमारे आठवा हिस्सा वेळ अध्यापनाशी संबंधित कामात जात होता, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा वर्गांत डोकावून जाण्याचा होता. पण अशा धावत्या भेटींचा मुलांच्या प्रगतीशी चांगला संबंध आढळला नाही, उलट तो काहीसा विपरीत होता. शिक्षकांना त्यांच्या अध्यापनाबद्दल प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यात गेलेल्या वेळेचा संबंध मात्र प्रगतीशी जुळला. तिथल्या आणि आपल्या शाळांत फरक आहे, तरीही माझा अनुभव याच दिशेचा आहे. रोज सात वर्गांत पाच-पाच मिनिटे डोकावून लॉगबुकात ‘अध्यापन समाधानकारक’ लिहिण्यात मी वर्षे घालवली, आणि त्यातून एकाही शिक्षकाला माझ्याकडून काही मिळाले असेल असे मला वाटत नाही.

आता मी आठवड्यातून दोनच दिवस, दुसऱ्या तासाला, एकाच वर्गात पूर्ण वेळ बसतो आणि त्याच दिवशी मुलांचे जेवण झाल्यावर त्या शिक्षकाशी वीस मिनिटे बोलतो. त्या तासाला फोन कपाटात असतो आणि हे मी केंद्रप्रमुखांना आधीच सांगून ठेवले आहे. संचमान्यतेसाठी धरल्या जाणाऱ्या 30 सप्टेंबरच्या पटाची धावपळ सुरू झाली की हे वेळापत्रक कोलमडते आणि ठरवलेल्या भेटींपैकी निम्म्याच होतात. त्या निम्म्याच्या पुढे जाणे माझ्या शिस्तीवर अवलंबून नाही. वर्षभरात लागणाऱ्या माहितीचे नमुने आणि तारखा तालुक्याने जूनमध्येच दिल्या, फोनवरून माहिती मागण्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवला आणि पोर्टलवर असलेली माहिती पुन्हा मागितली नाही, तर प्रत्येक शाळेत हे तास वाचतील. यासाठी एक रुपयाही लागणार नाही.

त्या 35 विषयी बाईंशी अखेर बोलणे झाले, तेव्हा आम्ही दोघांनी वर्गाच्या सगळ्या वह्या समोर घेतल्या आणि बरोबर-चूक न पाहता प्रत्येक मुलाने एककाच्या घरात काय केले तेवढेच पाहिले. दोन नव्हे, नऊ मुले तशीच वजाबाकी करत होती, आणि उदाहरणात वरचा अंक मोठा असला की त्या सगळ्यांची उत्तरे बरोबर येत असल्यामुळे चाचणीत ती कधी सापडली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाईंनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणले आणि त्या नऊ जणांना पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या देऊन त्यांतून 27 काढून द्यायला सांगितले.