'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'स्पष्टवक्ता',

देहयष्टी आणि आहारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं. दोनदा वाचलं. एक्टोमॉर्फ (सडपातळ), मेसोमॉर्फ (पीळदार), एंडोमॉर्फ (गुबगुबीत) हे बांध्याचे तीन प्रकार म्हणजे थोतांड. विशी ते साठी चयापचय मंदावत नाही हे २०२१ च्या मोठ्या अभ्यासात दिसलंय. आणि मी लोकांना 'माझं मेटाबॉलिझमच स्लो' ही आयती सबब देतो, असं तुमचं म्हणणं. इथवर ठीक. पण वर 'लिहिण्याआधी जरा वाचत जा' हे कशाला?

वाचतो हो मी. विल्यम शेल्डनने हे प्रकार १९४० साली मांडले, माझ्याकडून १९५० पडलं. चूक तुम्ही दाखवलीत, दुरुस्त केली, आभार. तो मानसशास्त्रज्ञ होता, कॉलेजातल्या पोरांचे उघडे फोटो मोजून बांध्यावरून स्वभाव ठरवायला निघाला होता, हेही ठाऊक आहे. लिहिलं नाही, कारण लेख जिमच्या पायरीवर घुटमळणाऱ्या माणसासाठी होता, शेल्डनच्या श्राद्धासाठी नव्हता.

आणि 'वाचत जा' म्हणताय तर माझ्या घरचंच वाचा. दादा आणि मी एकाच तव्यावरच्या भाकऱ्यांवर वाढलो. त्याला तिसरी भाकरी अंगी लागायची. मी पाच चापून 'सुतळी'चा सुतळीच. चाळिशीत वजन ६१ किलो, उंची पाच फूट सहा. लग्नकार्यात बायका हिला विचारायच्या, भावजींना काय खायला घालता? मग एकदा पँट शिवायला गेलो. शिंप्याने टेप फिरवली, वहीत मागचं माप शोधलं, पुन्हा फिरवली. "साहेब, तेहतीस होती, सदतीस झाली." हातपाय काटक्या आणि पोट पुढे. आपल्याकडे पुरुषांच्या कमरेसाठी धोक्याची रेघ ९० सेंटीमीटरवर, मी सदतीस इंच म्हणजे ९४ वर. त्याच महिन्यात साखर निघाली. वजनाचा काटा मात्र तोवर मला शाबासकीच देत होता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो पाहिलाय? शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आता सांगा, बांधा बघायचाच नाही? हा बारीक-लठ्ठ माणूस शेल्डनच्या तीन खणांत कुठे बसतो, असं तुम्ही विचारणार. नाही बसत. म्हणून खणच जाळायचे का?

राहिला तुमचा २०२१ चा अभ्यास. तो सरासरीचा आहे. मी सरासरी नाही. यावर आणखी काय बोलायचं!

सबबीचं म्हणाल, तर साखर निघाल्यापासून रात्रीचा भात बंद आहे, आणि सकाळी दंडबैठका काढतो. सबब शोधणारा माणूस असलं काही करत नाही. तुम्ही स्वतः काय करता ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही, असो.

बाराशे कॅलरी, प्रोटीन पावडर आणि उपवास यांवरचे तुमचे चार मुद्दे सध्या राहू देत. गिरणी आठला बंद होते, दळण आणायचंय.