लॅपटॉप बंद पडतोय? कारण शोधू नका, गुन्हेगार शोधा

विंडोजचं अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप मध्येच कोसळून आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला, की सर्वांत आधी निकाल देऊन टाका : अपडेटमुळेच झालं. तपास नंतर. सोसायटीच्या पार्किंगपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत आपल्याकडे निकाल आधी आणि सुनावणी नंतर असाच कारभार चालतो. लॅपटॉपनेच काय घोडं मारलंय?

कधी कधी अपडेट खरोखरच दोषी असतं, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं, त्याने काही लोकांच्या फायली पुसून टाकल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते मागे घ्यावं लागलं. त्याच वर्षी जानेवारीत सुरक्षेचा पॅच, म्हणजे ठिगळ, आला आणि एएमडी कंपनीच्या काही जुन्या प्रोसेसरवरचे संगणक सुरूच होईनात. तोही थांबवावा लागला. ही दोन उदाहरणं पाठ करून ठेवा. जावयासमोर उपयोगी पडतात.

१९ जुलै २०२४ चं उदाहरण मात्र तोंडातून निघू देऊ नका. त्या शुक्रवारी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून कोसळले, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले आणि घरोघरी विंडोजच्या नावाने बोटं मोडली गेली. प्रत्यक्षात ते विंडोजचं अपडेट नव्हतंच. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरने पाठवलेली एक फाइल सदोष होती. ते सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतं, त्यामुळे ते पडलं ते विंडोजला घेऊनच. चोर सोडून संन्याशाला फाशी. हा तपशील घरात कळला तर ‘आपल्याही लॅपटॉपमध्ये दुसराच कोणी चोर नसेल कशावरून?’ असं कोणीतरी विचारणार, आणि मग बघावं लागणार.

बघायचं नाही, हेच तर मुख्य पथ्य आहे. विशेषतः लॅपटॉप कोसळतो तेव्हा स्क्रीनवर जे लिहून येतं, ते अजिबात वाचायचं नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्या निळ्या पडद्यावर रडका चेहरा येऊ लागला, २०१६ मध्ये क्यूआर कोड आला, आणि २०२५ मध्ये विंडोज ११ ने पडदाच काळा करून टाकला. एवढ्या रंगरंगोटीतही तळाची ओळ काही गेली नाही. तिथे कोड असतो, आणि कधी कधी ज्याच्यामुळे घोटाळा झाला त्या फाइलचं नावही असतं, शेवटी डॉट एसवायएस (.sys) लावलेलं. फार घातक ओळ आहे ती. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ वाचलंत, तर झोपी जाताना किंवा जागं होताना कुठला तरी ड्रायव्हर (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) वेळेवर हजेरी देत नाहीये हे लगेच कळेल. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे ग्राफिक्सकडे बोट. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ असेल तर हार्डवेअरवर संशय, म्हणजे अपडेट बिचारं जवळपास निर्दोष! महिनाभर चालणारी चर्चा एका ओळीत आटोपणार. म्हणून फोटो काढताना चेहरा नीट आला पाहिजे आणि तळाची ओळ कापली गेली पाहिजे. तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाका. ‘कोणाला काही माहीत आहे का?’ एवढाच मजकूर, पुढे जोडलेले हात.

ग्रुपवर पहिलं उत्तर येईल, ‘उद्या पाणी नाही, भरून ठेवा.’ हे तुमच्यासाठी नसतं, पण त्यावरून आज बुधवार, म्हणजे अपडेटचा वार, एवढा अंदाज येतो. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडत आलंय. तिकडे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे पुण्यात ते उगवतं बुधवारी सकाळी. गुरुवार पाणी बंद, लाइट दुरुस्तीसाठी बंद, असा आधीच भरलेला. आठवड्यात बुधवार तेवढा रिकामा होता, त्याचीही सोय झाली. अपडेट तीस टक्क्यांवर असेल आणि ‘संगणक बंद करू नका’ असं स्क्रीनवर लिहिलेलं असेल, तर ती एक विनंती समजावी आणि पॉवर बटण दाबून धरावं. ‘लिहितात तसं सगळं ऐकायचं नसतं’ हा नागरिकशास्त्राचा भाग आहे. अर्धवट राहिलेल्या फायलींचं पुढे बघू.

आता तपास. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं टाइप केलं की एक तक्ता उघडतो. तारखेशेजारी तारीख, त्या दिवशी काय इन्स्टॉल झालं आणि काय कोसळलं याची नोंद, कोसळलेल्या दिवशी लाल फुली. हे कोणी बनवलं आणि का बनवलं, कळत नाही. कारण त्यात असं दिसू शकतं की पहिली लाल फुली अपडेटच्या चार दिवस आधीची आहे, लग्नाचा व्हिडिओ छोटा करायला तुम्ही कुठून तरी फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं त्या संध्याकाळची. हा तक्ता उघडू नका. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाची पेटी असते, प्रत्येक कोसळण्याचा पंचनामा तिच्यात पडून राहतो. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं लहानसं फुकट साधन तो पंचनामा वाचून संशयित ड्रायव्हरचं नाव सांगतं. फुकट आहे, म्हणजे विश्वासार्ह नसणार.

त्याऐवजी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. तिथे लाल खुणांचा सडा पडलेला असतो. धडधाकट संगणकातही असतो, पण ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. फोनवरून ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ म्हणणारे भामटे म्हणूनच लोकांना आधी ही खिडकी उघडायला लावतात. त्यातली ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद शोधा. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता गेला. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी तीच नोंद पडते. म्हणजे पुष्कळदा स्वतःच्या अंगठ्याचा ठसा बघून आपण ‘पॉवर सप्लाय गेला’ असं ठरवतो. मोठ्या आवाजात ठरवावं.

यापुढे भाच्याला बोलवा. भाचा कोथरूडचा असो की हडपसरचा, इंजिनिअरिंगचा असावा. शाखा कोणतीही चालेल. तो आल्या आल्या पाच गोष्टी एकदम करेल. अँटीव्हायरस काढेल, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलेल, बायॉस (विंडोजच्या आधी लॅपटॉपला जागं करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करेल, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत) हात घालेल आणि जाता जाता ‘पीसी वेगवान करणारं’ एक सॉफ्टवेअर टाकून जाईल. एका वेळी एकच बदल करून दोन दिवस वाट पाहिली, तर कशामुळे फरक पडला ते समजतं. पाच एकदम केले की लॅपटॉप सुधारला तरी कारण सुरक्षित राहतं, आणि बिघडला तरीही.

याच भाच्याने मागच्या वर्षी तुमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसवून दिलं होतं, आठवतंय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला, त्याच सुमाराला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही नव्हतं, आणि इन्स्टॉलरने तसं स्वच्छ सांगितलंही होतं. भाच्याने त्या तपासणीला वळसा घालून ते बसवलं आणि तुम्ही त्याला बाकरवडी दिलीत. आता तो विषय काढू नका. बहिणीला वाईट वाटेल.

सेफ मोडची भानगड कोणी सुचवेल. सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा अडलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा आणतं, तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं. तिथे फक्त जुजबी ड्रायव्हर चालतात. तिथे तासभर नीट चाललं तर दोष बाहेरच्या ड्रायव्हरात किंवा सॉफ्टवेअरात असण्याची दाट शक्यता. तिथेही कोसळलं तर रॅम, डिस्क, तापमान यांच्याकडे बघायचं. इतक्या स्वस्तात उत्तर मिळत असेल तर त्यात काहीतरी गोम असणार.

‘बंद करून चालू करा’ हा सल्ला मात्र पाळा, आणि ‘शट डाउन’ करूनच पाळा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होतच नाही. त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, बिनसलेल्या ड्रायव्हरसकट. ‘रीस्टार्ट’ केलं तर सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून रीस्टार्ट करू नका. रोज रात्री शट डाउन करून झोपा आणि ‘मी तर रोज बंद करतो’ असं शपथेवर सांगा. खोटं नाहीच ते.

कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिस्म (DISM) आणि मग एसएफसी (SFC) या दुरुस्तीच्या आज्ञा चालवाव्यात असं जाणकार म्हणतात, कारण डिस्म मूळ प्रतींचा साठा दुरुस्त करतं आणि एसएफसी त्या साठ्यातून खराब फायली बदलतं. तुम्ही उलट चालवा, आणि डिस्म बासष्ट टक्क्यांवर अडलंय असं वाटलं की खिडकी बंद करा. अडलेलं नसतं, पण आपल्याला वाट बघण्याची सवय फक्त मिसळीच्या रांगेत.

विंडोजची नवी आवृत्ती चढवल्यावर जुन्यावर परत जायला साधारण दहा दिवसांची मुदत मिळते, आणि त्यासाठी विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर जागेवर असावं लागतं. दुसऱ्याच दिवशी सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली दिसेल. लगेच डिस्क साफ करा आणि सगळ्यात जास्त जागा खाणारं ते फोल्डर आधी उडवा. साधं मासिक अपडेट असेल तर ते सेटिंग्जमधल्या अपडेट हिस्टरीत जाऊन एकटं काढता येतं, पण तिथपर्यंत जाण्यापेक्षा फॉरमॅट मारणं मर्दानी वाटतं.

बॅकअप? तो बिघडल्यावर घ्यायचा असतो.

आणि हो, फॉरमॅटच्या आधी बिटलॉकरचं नाव ऐकू नका. विंडोज ११ चे बरेच नवे लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केलं की न विचारता डिस्कला कुलूप लावतात, आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. बायॉसमध्ये हात घातला, भाच्याने घातलाच आहे, की असा कुलूपबंद लॅपटॉप पुढच्या वेळी ती किल्ली मागू शकतो. खातं कोणी काढलं होतं? लॅपटॉप विकणाऱ्याने, दुकानातच, ‘काका तुम्ही बसा, मी करतो’ म्हणत. पासवर्ड त्याच्या डायरीत. डायरी २०२२ ची. किल्ली नाही तर फोटो नाहीत, मुंजीचेही नाहीत आणि साखरपुड्याचेही नाहीत. पण घाबरू नका, अपडेटमुळेच झालं असं आपण आधीच ठरवलेलं आहे.

शेवटी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीच्या आसपास एखाद्या जिन्याखालच्या दुकानात जाल. तिथला मुलगा लॅपटॉप हातात घेऊन, चालू न करता सांगेल, ‘विंडोज उडालंय, नवं टाकून देतो.’ मागचं झाकण उघडायला सांगू नका. उघडलं तर पंख्याच्या जाळीवर सिंहगड रस्त्याची धूळ बसलेली निघेल. अपडेट उतरताना प्रोसेसर तास-दोन तास राबतो, तापतो, आणि गोधडीवर ठेवलेल्या लॅपटॉपला त्याच दिवशी पहिल्यांदा धाप लागते. पंखा महिन्यांपूर्वीच अर्धा गुदमरलेला असतो. मुलगा फुंकर मारेल, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावेल. बिलावर मात्र ‘विंडोज सॉफ्टवेअर’ लिहून घ्या.

परत आणल्यावर अपडेट पॉझ करा आणि ‘कायमचे बंद केले’ असं जाहीर करा. पॉझची मुदत एका वेळी पाच आठवड्यांपर्यंतची असते, ती संपली की सगळं साचलेलं एकदम उतरतं. त्यात एखाद्या वेळी ग्राफिक्सचा सुधारलेला ड्रायव्हरही असतो. मग एका बुधवारी लॅपटॉप दिवसभर चालतो, दुसऱ्या दिवशीही चालतो. भाचा म्हणतो रजिस्ट्री, दुकानदार म्हणतो पेस्ट, सासूबाई म्हणतात त्यांनी मीठमोहरी ओवाळली. तुम्ही म्हणा, अपडेट बंद केले म्हणून चालतोय. कोणी अपडेट हिस्टरी उघडून मंगळवार रात्रीची तारीख दाखवायला लागलं, तर त्याच्या हातातून लॅपटॉप हळूच काढून घ्या, चहा पुढे करा आणि मेट्रो स्टेशनवर गाडी कुठे लावायची हा विषय काढा.