लेख लिहून राहिले का? मग माहिती कायले पाहिजे

पाहा भाऊ, लेख लिहायच्या आधी विषयाचा अभ्यास करा असं जो सांगते ना, त्याचा लेख त्याची बायकोही वाचत नाही. आपल्याले लोकांना पटवायचं आहे, समजवायचं कोणी सांगितलं?

समजा नागपूरच्या उन्हावर लिहायचं आहे. सुरुवात प्रश्नानं करा, "शहर जळून राहिलं, आणि आपण गप्प का?" आता मे महिन्यात धरमपेठेपासून महालपर्यंत दुसरा विषयच नसते, गप्प कोणीच नसते, पण वाचणाऱ्याले उगाच गिल्टी वाटते आणि तो पुढं वाचते. 'आपण' सोडू नका, एसी चोवीसवर लावून लिहिलं तरी 'आपण होरपळणारे'च.

मग आकडा. ३० मे २०२४ ले इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ डिग्री दाखवली होती, आठवते? तोच उचला. सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं, ते जागेअभावी वगळा. मे २०१३ चे ४७.९ खरे आहेत, पण दशांशानं कोणाच्या अंगावर काटा येते का?

भावना म्हणून एक आजी टाका. भर मे महिन्यात सीताबर्डीच्या फुटपाथवर संत्री विकणारी. संत्र्याचं एक पीक, आंबिया बहार, हिवाळ्यात निघून जाते, दुसरं, मृग बहार, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, मग आजीच्या टोपलीत संत्री कुठून आली हा प्रश्न आपल्या भाजीवाल्याले पडेल, पुण्याच्या वाचकाले नाही. आणि आजीले टरबूज देऊ नका, टरबुजानं रडू येत नाही.

कर्मणी प्रयोग तर सोनं आहे राजा. "झाडं तोडली गेली, सिमेंटचे रस्ते केले गेले." कोणी केले? वाक्यात कर्ताच नाही, म्हणून घरी नोटीसही नाही, आणि लेख मात्र निर्भीड.

मधात एक "काही तथाकथित विद्वान म्हणतील, ऊन चांगलंच असते" असं टाका. असं कोणीच म्हणत नाही, म्हणूनच त्याले हरवणं सोपं जाते. लगेच "ना सावली, ना पाणी, ना लाज" असा तिहेरी दणका द्या. चौथं सुचलं तरी थांबा.

आणि कोणी विचारलंच की बाप्पा, हे ५६ कुठून आणले, तर आकड्यावर बोलूच नका, "तुम्हाला नागपूरबद्दल प्रेम नाही का?" एवढंच विचारा. तो नागपूरचाच निघाला तर मूळ गाव अमरावतीकडचं आहे का ते पाहून घ्या.