हमखास चालणाऱ्या विरहगीताची कृती

गेले आठ दिवस वरच्या मजल्यावरून एका विरहगीताचे पहिले चाळीस सेकंद खाली येत आहेत. चाळीस झाले की पुन्हा पहिल्यापासून. ती गेली, एवढं कळलं. का गेली, जाताना काही बोलली का, ह्याचा पत्ता नाही. तो भाग गाण्यातच नाही. पण मागणी दांडगी आहे हे दिसतंय, आणि मागणी असलेला माल सगळ्यांना करता यायला हवा. उद्या आपल्यालाही कुणी सोडून गेलं तर ऐन वेळी धावपळ नको.

साहित्य: लॅपटॉप, माइक, चार कॉर्ड आणि एक सोडून गेलेली व्यक्ती. शेवटची नसली तरी अडत नाही.

कॉर्ड ठरलेले आहेत. ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येकी एक बार (चार ठोके), की परत ए मायनर. गिटारवर एफ धरताना बोटं कुरकुरत असतील तर एफ मेजर सेव्हन धरा. तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकावी लागत नाही आणि कॉर्ड उलट जास्तच हळवा वाजतो. ह्या चक्राची खुबी जी कॉर्डवर आहे. जीनंतर कान सीची वाट बघतो, घरी येऊन टेकावं तसं त्याला तिथे टेकायचं असतं, आणि आपण त्याला पुन्हा ए मायनरवर नेऊन सोडतो. हा अपेक्षाभंग एकदा झाला की पोटात कालवाकालव होते. ८० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ८० ठोक्यांच्या वेगाला, चार बारचं चक्र १२ सेकंदांत पुरं होतं, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या गाण्यात सतरा वेळा. सतराव्या वेळी पोटात काहीच होत नाही, पण तोवर ऐकणारा निघून गेलेला असतो, त्यामुळे तक्रार येत नाही.

पेटीवाल्यांनी भूप राग घ्यावा आणि गंधार कोमल करावा. झाला शिवरंजनी. बोट शेजारच्या पट्टीवर सरकलं की सुखाचं दुःख होतं, पुढचं काही शिकायची गरज नाही. (शिवरंजनी बिचारा ह्यात निर्दोष आहे.)

पाऊस हवाच.

शब्दांसाठी कवी लागत नाही, पिशवी लागते. पिशवीत भास, श्वास, ध्यास, आस, सहवास आणि प्रवास घाला, हलवा, हाताला लागतील तसे काढा. दुसऱ्या कडव्याला आठवण आणि साठवण आहेतच. मराठी कमी पडली तर 'जुदाई' आणि 'बेवफा' उसने घ्या. ते परत करायचे नसतात. चाल आधीच बांधलेली असते, 'ला ला ना ना'च्या डमीवर, शब्द तीत नंतर कोंबायचे. कोंबताना ऱ्हस्वाचं दीर्घ होईल, होऊ द्या. 'दिन' ओढला की 'दीन' होतो. नायक तसाही दीनच आहे, अर्थ बिघडत नाही. 'विरहात' हा शब्द समेआधी 'विर' एवढाच सोडा आणि समेवर दणकून 'हात' म्हणा. ऐकणाऱ्याला वाटेल, हाताला काहीतरी लागलंय. तेही दुःखच.

नाव, वेळ, जागा, वस्तू ह्यांतलं काहीही गाण्यात येता कामा नये. तपशील आला की गाणं एका कुणाचं तरी होतं, आणि मग ते सगळ्यांना पुरत नाही.

गायचं नाही, कानात पुटपुटायचं. कार्डिऑइड (समोरचाच आवाज जास्त पकडणाऱ्या) माइकच्या चार बोटं जवळ तोंड नेलं की खर्जाचा भाग आपोआप फुगतो आणि किरटा आवाजही अनुभवी वाटू लागतो. कंप्रेसर इतका आवळा की श्वास आणि शब्द एकाच उंचीवर यावेत. मग ऑटोट्यून, बेसूर गळा सुरात आणणारं सॉफ्टवेअर. ते १९९७ साली आलं, आणि ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी जमिनीखालच्या तेलाचा माग काढण्यासाठी लहरींचं गणित मांडत असत. त्यात 'रीट्यून स्पीड' आहे, तो शून्यावर ठेवा. शून्यावर आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जात नाही, जिना उतरतो. म्हणजे मींड गेली. रडू मींडमध्येच असतं हे खरं, पण ते नेमकं रेकॉर्डिंगच्या दिवशी यायला हवं ना. त्यापेक्षा जिना बरा.

व्हायोलिन सॅम्पलमधलंच घ्या. खरा वादक आला तर तो अंतऱ्याची चाल विचारेल.

गाणं तयार झालं की 'स्लोड अँड रिव्हर्ब'. वेग ८५ टक्क्यांवर आणा. पट्टी धरून न ठेवता नुसता वेग उतरवला की सूरही उतरतात, जवळजवळ पावणेतीन अर्धस्वर. काळी एकचं गाणं काळी पाचच्या किंचित वर जाऊन अडकतं. ती पट्टी कुठल्याच पेटीवर नाही, म्हणून कुणी सोबत वाजवायला बसत नाही, हा वेगळा फायदा. गायिकेचा आवाज झोपेची गोळी घेतलेल्या गृहस्थासारखा होतो. ह्यूस्टनचा डीजे स्क्रू १९९०च्या दशकात गाणी अशी मंद करायचा, पण तो कुठे कापायचं आणि कुठला तुकडा पुन्हा वाजवायचा हे हाताने ठरवायचा. आपल्याला फक्त एक स्लायडर ओढायचाय. मग रिव्हर्ब, म्हणजे घुमारा: शेपूट चार सेकंदांचं, प्री-डीले (शब्द आणि घुमारा ह्यांमधली फट) शून्य. २० ते ३० मिलिसेकंदांचा प्री-डीले ठेवला तर शब्द आधी स्वच्छ पोचतो आणि घुमारा मागून येतो. तसं होऊ देऊ नका. शब्द कळले तर पिशवीचं बिंग फुटेल.

मास्टरिंगला, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, आवाज छताला टेकवा. स्पॉटिफाय तो सहसा उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास खाली ओढतं, त्यामुळे गाणं मोठं वाजत नाही, नुसतं चेपलेलं राहतं. असू दे.

चूक नेहमी तिची.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: अंतरा कापा. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं. एकतिसाव्या सेकंदाला तुमच्या दुःखाचं मीटर पडलेलं असतं, पुढे गायलात तर ती समाजसेवा. तेव्हा सुरुवातीचा म्युझिक पीस काढून टाका, मुखडा पहिल्या सेकंदाला आणा, दोनदा म्हणा, मग ड्रॉप (ठेका दणकन आदळतो ती जागा), मग परत मुखडा. जुनं गाणं उचललं असेल तर आणखी सोपं: मुखडा त्यांचा, मध्ये रॅप तुमचा. अंतरे कोण ऐकतं?

अंतरे कोण ऐकतं, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला मुखडा कशाला असतो हेही कधी कळलं नसणार. मुखडा बहुतेक वेळा खालच्या-मधल्या सुरांत फिरतो, अंतरा तार षड्जाकडे चढतो आणि क्रॉस लाइन, म्हणजे अंतऱ्याची शेवटची ओळ, त्याला हाताला धरून मुखड्यावर परत आणते. ही चढउतार शोभेची नाही. मुखड्यात माणूस कण्हतो, अंतऱ्यात तो काय झालं ते सांगतो. समजा मुखडा आहे, 'तू आली नाहीस'. पहिल्यांदा ही तक्रार आहे. मग अंतऱ्यात कळतं की ह्यानेच तिला चुकीची वेळ सांगितली होती, आणि मुद्दाम सांगितली होती, कारण ती खरंच आली तर पुढे काय, ह्याची त्याला धास्ती वाटत होती. आता क्रॉस लाइन येते आणि तेच तीन शब्द, त्याच चालीत: 'तू आली नाहीस'. राहिली का तक्रार? सूर तेच, अक्षरं तीच, आणि गाणं आतून बाहेर उलटलं. दुसरा अंतरा ह्याच स्क्रूला आणखी एक पीळ देतो: ती आली होती, ह्याने सांगितलेल्या वेळी, आणि थांबून गेली. मुखडा तिसऱ्यांदा आला की तो म्हणवत नाही. पश्चात्ताप असा तयार होतो, टप्प्याटप्प्याने. तुम्ही अंतरा कापलात म्हणजे इंजिन काढून टाकलंत आणि भोंगा ठेवलात, आणि आता दिवसभर तो वाजवताय.

वर म्हणायचं वेळ नाही! दहा इंची ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. त्यात सुरुवातीचा पीस, मुखडा, पीस, अंतरा, पीस, अंतरा आणि शेवटचा मुखडा, सगळं जुने संगीतकार बसवायचे. सगळे वादक एका खोलीत, कुणी एक जण चुकला तर सगळ्यांनी पहिल्यापासून. तुमच्याकडे हवे तेवढे ट्रॅक आहेत, हवे तितक्या वेळा अनडू आहे, आणि अंतऱ्याला जागा नाही? जागा नाही की सांगायला काही नाही?

लेको, 'तुझ्याविना मी अधुरा' हा पश्चात्ताप नव्हे, ती मागणी झाली. पश्चात्ताप 'माझं चुकलं'पासून सुरू होतो, आणि काय चुकलं ते बोलल्याशिवाय पुरा होत नाही. फोन वाजत होता आणि उचलला नाहीस? तिची आई आजारी असताना मॅच बघत बसलास? चारचौघांत तिची टिंगल केलीस आणि तिने हसून घेतलं? लिही ते. लाज वाटेल. वाटू दे. ती वाटत नसेल तर तार षड्जापर्यंत चढायचं कारणच काय? तुझ्या गाण्यात ती बेवफा, तिच्या घरचे लोभी, नशीब फुटकं, पाऊस मुसळधार, आणि तू तेवढा धुतल्या तांदळासारखा. मग रडतोस कशाबद्दल? आणि 'नाही' म्हणालेल्या मुलीच्या नावाने व्हिडिओत मनगट कापून दाखवायचं, ह्याला कुणी विरह म्हणू नये. ती धमकी आहे, तालात बसवलेली.

'लोकांना हल्ली थोडक्यात हवं असतं' हेही पुरे. थोडक्यात करणारे होऊन गेले. माहाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती आहे, सातवाहन राजा हाल ह्याच्या नावावरची, एकेक गाथा दोन ओळींची. तिच्यातली एक बाई तो गेल्याचे दिवस भिंतीवर रेघा मारून मोजते. आज गेला, आज गेला, आज गेला. आणि पहिल्याच दिवशी, अर्धा दिवस होतो तोवर, भिंत रेघांनी भरून जाते. दोन ओळींत. तिथे ना भास ना श्वास. एक भिंत आहे, रेघा आहेत आणि दिवस अजून अर्धाच झालाय. म्हणायला चाळीस सेकंदही लागत नाहीत.

तेव्हा छोटं करायला कुणाची ना नाही. तुझ्या चाळीस सेकंदांत भिंत कुठे आहे तेवढी दाखव. नसेल तर लॅपटॉप मिट, कागद घे आणि आधी अंतरा लिही. मुखडा काय, पिशवीत आहेच. आणि वरच्या मजल्यावर जो कोणी आहे त्यानेही तो लूप एकदा काढावा आणि गाणं चाळीसच्या पुढे जाऊ द्यावं. पुढे काहीच नाहीये, हे त्याच्याही कानावर पडू दे.