बोरीबंदर ते सोफा

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता मी हॉलच्या फरशीवर पालथा पडून शोकेसपासून सोफ्यापर्यंतचं अंतर मोजत होतो, तेवढ्यात मानेवर काहीतरी गार ठिबकलं. माझंच बनियन होतं. ठाण्याच्या नौपाड्यात गेले अकरा दिवस कपडे वाळलेले नाहीत. त्यामुळे खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी आणि दोरीवर आमचा सगळा संसार.

"अहो, पाय घ्या वर. पुसायचंय."

गर्दीतली पोरं एकेकाळी माझ्या नावानं ओरडायची. घरी माझं नाव पहिल्यापासून 'अहो'.

चाळीस वर्षं मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. पोट बँकेनं भरलं, कान गिटारनं फुटले. १९८६ साली मुंबईच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव सुरू झाला तेव्हा मी गर्दीत होतो, पुढे स्टेजवर चढलो. मग आजूबाजूच्या कॉलेज-हॉस्पिटलांमुळे रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि आम्ही मिळेल तिथे वाजवत राहिलो. हल्ली कॉलेजच्या फेस्टिव्हलात निवेदन करणारी पोरगी मला 'व्हेटरन' म्हणते आणि आमच्या आधी वाजवणारी पोरं येऊन पाया पडतात. आशीर्वाद देऊन झाल्यावर लगेच गिटारचा आवाज फाडणारं डिस्टॉर्शनचं पेडल दाबायचं, हे फार अवघड जातं हो.

तर पावसात शो नसतात. त्यातून कानात सारखी शिटी वाजते म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवस गिटारला हात लावायचा नाही असं बजावलं. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हाला एखादा छंद हवा."

"गिटार आहे की."

"तो आईला झालेला त्रास आहे. छंद वेगळा."

मग तिनं मला मोठमोठ्या रॉकवाल्यांची उदाहरणं दिली. 'क्वीन'चा ब्रायन मे. त्यानं अर्धवट सोडलेली पीएचडी तीस-पस्तीस वर्षांनी उकरून काढली आणि २००७ साली पुरी केली. विषय, सूर्यमालेतली धूळ. 'द हू'चा रॉजर डाल्ट्री ट्राउट माशांच्या तळ्यात रमतो. मी विचार केला. जुलैत ठाण्याचं आकाश दिसत नाही. धूळ घोडबंदर रोडला मुबलक आहे, पण तिच्यावर कुणी डॉक्टरेट देईलसं वाटत नाही. मासे पाळणं राहू दे, श्रावण तोंडावर आलेला असताना आमच्या घरात त्यांचं नाव काढायचीही सोय नाही. राहिला गायक रॉड स्टुअर्ट.

या गृहस्थानं घराच्या माळ्यावर १९४० च्या सुमारचं अख्खं अमेरिकन शहर उभारलंय, आगगाड्यांसकट. सव्वाशे फुटांच्या आसपास लांब. तेवीस वर्षं लागली. दौऱ्यावर असला की हॉटेलात या कामापुरती वेगळी खोली घ्यायचा. (आम्ही दौऱ्यावर चौघं एका खोलीत, बेसवाला घोरतो.) २०१९ साली ते मॉडेल लोकांसमोर आलं तेव्हा कुणीतरी शंका काढली, की हे त्यानं स्वतः कशाला केलं असेल? तर पठ्ठ्यानं थेट रेडिओवर फोन लावला: नव्वद टक्के काम माझं, विजेचं तेवढं आपल्याला जमत नाही.

हे ऐकून मी उठूनच बसलो. कारण विजेचं तेवढंच मला जमतं! लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून गिटारच्या वायरीचे जॅक आणून रात्री अकराला विंगेत सोल्डरच्या डागण्या देत आयुष्य गेलं. म्हणजे दहा टक्के माझं झालंच होतं. उरले फक्त नव्वद.

मुलीनं वाढदिवसाला गाडीचा सेट पाठवला होता. एक इंजिन, तीन डबे, रूळ, बारा व्होल्टचा कंट्रोलर. पण ठाण्यात राहून परक्याचं शहर का उभारा? देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्याकडे आलेली, १६ एप्रिल १८५३. चौदा डबे, साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. तेच करायचं ठरवलं आणि मोजपट्टी काढली.

या मॉडेलच्या गाड्यांचं प्रमाण एकास सत्त्याऐंशी असतं. बोरीबंदर ते ठाणे चौतीस किलोमीटर. भागिले सत्त्याऐंशी: तीनशे नव्वद मीटर. आमचा हॉल सोळा फूट. हल्लीची बारा डब्यांची लोकल केली, तर ती एकटीच जवळजवळ तीन मीटर भरते. म्हणजे तिचा मोटरमन शोकेसपाशी आणि गार्ड आमच्या ओट्यावर. मी मधली सगळी स्टेशनं रद्द केली. गाडी शोकेसहून सुटेल, ती फास्ट, थेट सोफा. सोफ्याखालून पुढे पारसिकचा डोंगर.

डोंगराला थर्माकोल मिळेना, म्हणून कागदाचा लगदा करायचं ठरलं. आठवड्याची वर्तमानपत्रं भिजवली, मैद्याची खळ केली आणि लगदा मऊ व्हावा म्हणून मिक्सरला लावला. मिक्सरचं मोठं भांडं धुवायला पडलेलं होतं. मी चटणीचं घेतलं.

बायको ओरडली नाही. भांड्यात डोकावली, वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, "आता यात खोबरं वाटलं की चटणीत कालचा अग्रलेख यायचा." पुढचे चार तास ती माझ्याशी बोलली नाही. नियमाप्रमाणे शांतता क्षेत्रात रात्री चाळीस डेसिबलची मर्यादा असते. आमच्याकडे त्या रात्री त्याहून बराच कमी आवाज होता. कानातली शिटी तेवढी अगदी स्पष्ट ऐकू येत होती.

लगदा वाळणार कुठून? बनियन वाळत नाही तिथे डोंगराचं काय घेऊन बसलात. पुढच्या रविवारी सकाळी पाहतो तर पारसिकवर हिरवळ उगवलेली. पोपटी, लोकरीसारखी, मधूनमधून पांढरे ठिपके. रॉड स्टुअर्टला रंगवूनही साधली नसती. बायकोनं बुरशी म्हणून नाक दाबलं आणि भजनाला निघून गेली.

दुपारी आमचा बँड आला. यायचं कारण डिसेंबरच्या शोची गाणी ठरवणं. चौघांचं सरासरी वय चौसष्ट. ड्रमरनं आल्या आल्या बीपीची गोळी घेतली, बेसवाल्यानं डोंगराला बोट लावून हुंगलं, आणि पाच मिनिटांत चौघंही फरशीवर. कीबोर्डवाला म्हणे, बोगद्याला उतार हवा. ड्रमर म्हणे, सिग्नल कुठाय? गाण्यांचा विषय निघालाच नाही. मी शेवटचा टाका डागला, कंट्रोलरचा खटका फिरवला आणि गाडी हलली! शोकेस सुटलं, टीपॉय मागे पडला, आणि साधारण मुलुंडच्या आसपास वरून ओला पंचा रुळांवर पडला.

गाडी थांबली. रुळांवर पाणी.

"जुलै आहे," बेसवाला म्हणाला. "हे अगदी बरोबर जमलंय."

पंचा काढून रूळ पुसत होतो तेवढ्यात दाराची बेल वाजली. बायको किल्ली विसरून गेली होती. पुन्हा बेल. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ड्रमरचा उजवा गुडघा गेलेला, बेसवाल्याची कंबर, कीबोर्डवाल्याला चक्कर येते, आणि माझा डावा पाय कधीच झोपी गेला होता. सोफ्याला धरून उठावं तर मध्ये डोंगर.

तिसरी बेल जरा लांबली.

"एकदम उठू," ड्रमर म्हणाला. दोन पेन्सिली एकमेकींवर आपटत त्यानं मोजलं, तीस वर्षं प्रत्येक गाण्याआधी मोजतो तसंच: वन, टू, थ्री, फोर.

फोरला फक्त गाडी सुटली.