प्रवासाला कारण कशाला हवे?

घरातल्या तरुण मुलाने किंवा मुलीने ‘मला काही महिने नुसते फिरायचे आहे’ असे म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न येतो तो ‘कशासाठी?’ हा; कुठे, कोणाबरोबर आणि कोणाच्या पैशाने, हे प्रश्न नंतरचे. त्याच मुलाने एम. एस. करायला जर्मनीला निघाल्याचे किंवा कंपनी दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत असल्याचे सांगितले, तर पेढे वाटले जातात आणि निरोप द्यायला विमानतळावर निम्मे नातेवाईक जमतात. याचा अर्थ, मुले दूर जाण्याचे दुःख आपण समजतो तितके असह्य नसते. आपल्याला सोसवत नाही ते त्यांचे काही न मिळवण्यासाठी दूर जाणे, आणि या अडचणीला आपण ‘घरच्यांची माया’ असे नाव देतो.

हे आजचे नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, तेव्हा घरावर कर्ज होते आणि मथुरेला ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली होती. दक्षिणा मिळेल आणि कर्ज फिटेल, हे कारण पुढे करूनही वडिलांची परवानगी सहज मिळाली नाही. सोबत काका होते म्हणून जाणे जमले. पुढे वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली, झाशीच्या वेढ्यात ते सापडले, मिळवलेले पैसे पुन्हापुन्हा लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. ज्या कारणासाठी परवानगी मिळाली होती ते बहुतांशी फसलेच. पण त्यांनी पुढे लिहून ठेवलेली हकिकत १९०७ साली छापली गेली आणि त्या काळाविषयी मराठीत तिच्या तोडीचे दुसरे काही नाही. घरच्यांसमोर मांडलेल्या अर्जात यातले एक अक्षरही नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते.

धर्माच्या कारणाला मात्र आपण उदारपणे मुभा देतो. आषाढी वारीसाठी माणूस आळंदीपासून पंढरपूरपर्यंत तीन आठवडे चालत गेला तर घर त्याच्या पाया पडते. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर आहे, म्हणजे दोन्ही काठ मिळून परिक्रमा अडीच हजार किलोमीटरांच्या पुढे जाते, तरी नोकरीचा राजीनामा देऊन ती करणाऱ्याचे आपल्याकडे कौतुकच होते. माझ्या भाच्याला तेवढेच दिवस लाहौल-स्पिती आणि लडाखमध्ये काढायचे आहेत, तर घरात ‘याचे डोके ठिकाणावर आहे ना’ अशी चर्चा सुरू आहे. (परिक्रमेचे नाव सांग आणि मनालीची बस पकड, असा सल्ला त्याला एका चुलतमामाने दिला आहे, तो मी नव्हे.)

आता दुसरी बाजू. आई-वडिलांची भीती खोटी नसते. खासगी नोकरीत पुरेसे निवृत्तिवेतन नसते, घराचा हप्ता चालू आहे, आणि मध्ये वर्षभर नोकरी नसली की पुढच्या मुलाखतीत त्याचा जाब द्यावा लागतो. याहून मोठी गोष्ट अशी की जाणाऱ्याचा प्रवास मागे राहणारे कोणीतरी आपल्या अंगावर घेते. धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीने १८९९ साली गोव्याहून निघाले आणि पुणे, काशी, नेपाळ असे करत श्रीलंकेपर्यंत पोहोचले. १९०२ साली तिथेच त्यांनी दीक्षा घेतली. त्यांच्या विद्वत्तेविषयी मला नितांत आदर आहे, पण तान्ह्या मुलीसह मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी बाळाबाईंना ती वर्षे कशी गेली असतील, हा प्रश्न बाजूला सारून मला त्या प्रवासाचे गुणगान करता येत नाही. आजही एक भाऊ बाहेर पडला की आजीच्या पाठीला शेक देणे, वडिलांना तपासणीला नेणे आणि गॅसचा नंबर लावणे हे सारे निमूटपणे बहिणीकडे किंवा वहिनीकडे जाते. तिला कुठे जायचे होते का, हे कोणी विचारत नाही; आणि तिने स्वतःहून सांगितलेच, तर ‘लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा’ हे उत्तर तयार असते.

म्हणून मला वाटते की या विषयावरचे संवाद आपण चुकीच्या जागी सुरू करतो. ‘तुला आमची किंमत नाही’ आणि ‘तुम्ही मला बांधून ठेवता’ या दोन वाक्यांतून रडारडीखेरीज काही निघत नाही. त्याऐवजी किती दिवस, खर्च कोणाच्या खिशातून, मागे कोणते काम कोण पाहणार आणि आजारपण उद्भवले तर किती तासांत परत येता येईल, हे कागदावर लिहून बोलावे. आणि कारण विचारूच नये, कारण ‘बघायचे आहे’ यापेक्षा प्रामाणिक कारण त्या वयात नसते.

भाच्याच्या घरी गेल्या रविवारी असा कागद झाला. आजीला फिजिओथेरपीला नेण्याचे काम त्याच्या धाकट्या बहिणीने पत्करले, पण पुढच्या वर्षी तेवढेच दिवस आपण ईशान्य भारतात जाणार आणि तेव्हा हे काम भावाने करायचे, अशी अट तिने त्याच कागदावर लिहिली. मुलाच्या प्रवासाला माझ्या ताईने होकार दिला आहे, मुलीच्या अटीवर मात्र ती ‘बघू’ म्हणते. तिथे सही झाल्याशिवाय भाच्याने तिकीट काढू नये, असे मी त्याला बजावले आहे.